मुद्रा आपली, पत्र आपले नव्हे

बीदरला येणारा पाहुणा आधी किल्ला पाहतो आणि मग गावात शिरून महमूद गवानाच्या मदरशापुढे उभा राहतो. १४७२ साली उभारलेली ही तीन मजली इमारत. तिच्या मनोऱ्यांपैकी एकच आज उभा आहे. दर्शनी भिंतीवरील रंगीत, चकचकीत फरशांचाही थोडाच भाग शिल्लक आहे. आम्ही जनवाड्याचे राहणारे. बीदर आम्हास अंगणासारखे. दरवर्षी शाळेतील सातवीची मुले घेऊन आम्ही येथे येतो, त्यांना सावलीत बसवतो आणि गवानाची गोष्ट सांगतो.

गवान मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने तो दख्खनेत आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. पत्रलेखनाच्या कलेचा तो थोर जाणकार होता. 'मनाझिर-उल-इन्शा' हा त्याचा पत्रलेखनावरील फारसी ग्रंथ, आणि 'रियाज-उल-इन्शा' हा त्याच्या पत्रांचा संग्रह. पत्र कसे लिहावे हे साऱ्या दख्खनेस शिकवू शकेल असा हा पुरुष अखेर एका पत्रापायीच प्राणास मुकला. दरबारातील शत्रूंनी त्याची मुद्रा सांभाळणाऱ्या सेवकास वश केले आणि कोऱ्या कागदावर मुद्रा उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहून तो सुलतान तिसऱ्या महंमदशहापुढे ठेवला. मुद्रा आपली आहे, पत्र आपले नव्हे, असे गवानाने सांगितल्याची नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. ऐकून घेणारे तेथे कोणी नव्हते. १४८१ सालच्या एप्रिल महिन्यात त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी सुलतानही वारला, आणि त्यानंतर बहामनी राज्याची शकले होण्यास फार काळ लागला नाही.

ही गोष्ट आम्ही पंचवीस वर्षे मुलांना सांगत आलो. मात्र ती आम्हाला स्वतःला लागू आहे हे कळण्यास वयाची एक्कावन्न वर्षे जावी लागली. ते कसे कळले, आणि सरकारी नोकरीत असलेल्या अथवा तिच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या मुलामुलींना सांगण्यासारखे त्यातून आम्हास काय सापडले, ते येथे लिहावयाचे योजले आहे.

तीन पिढ्या, चार लिप्या

जनवाडा हे बीदर तालुक्यातील गाव. बीदरहून उत्तरेकडे, औरादच्या वाटेवर ते लागते. आमच्याकडच्या आठवडी बाजारात तासभर हिंडले की कन्नड, मराठी, दख्खनी उर्दू आणि थोडी तेलुगूही कानावर पडते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. एका रात्रीत मामाचे गाव एका राज्यात आणि काकाचे दुसऱ्या राज्यात, अशी गत अनेक घरांची झाली.

आमचे आजोबा निजामी अमलात महसुली कारकून होते. घरचे हिशेब ते मोडीत लिहीत, कचेरीचे काम उर्दूत करीत आणि पहाटे पोथी बाळबोधीत वाचीत. वडील १९६० साली नोकरीस लागले, तेव्हा कचेरीतून उर्दू उठली होती आणि कन्नड अजून नीट बसली नव्हती. मधला व्यवहार इंग्रजीवर निभावत होता. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही राज्याची राजभाषा झाली आणि १९७४ साली राज्य सेवकांसाठी सेवा व कन्नड भाषा परीक्षांचे नियम आले. वडिलांनी मात्र परीक्षेची वाट पाहिली नव्हती. रात्री जेवणे झाली की दोन दिवसांची शिळी 'प्रजावाणी' पुढे घेऊन ते कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचीत बसत. आई म्हणे, "अहो, हळू वाचा, पोरं झोपलीत." ते म्हणत, "कानाला लागल्याखेरीज जिभेला येत नाही."

त्यांच्याच शेजारी बसणारे एक गृहस्थ होते. अक्षर मोत्यासारखे आणि हिशेबात वडिलांपेक्षा सरस. परंतु कन्नड शिकणे म्हणजे मराठीशी द्रोह, असे त्यांच्या मनाने घेतले होते. प्रत्येक कागद ते शिपायाकडून वाचून घेत आणि उत्तर दुसऱ्याकडून लिहवून घेत. वडील शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. ते गृहस्थ ज्या खुर्चीवर बसले त्याच खुर्चीवरून घरी गेले. वडिलांना त्याचा अभिमान नव्हता, हळहळ होती. ते म्हणत, "कागद दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याचा कारभार, तो वाचणाराच करतो." सीमेचा प्रश्न त्या काळीही धगधगत होता आणि महाराष्ट्राने २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयातही नेला. त्याचा निर्णय जेथे व्हावयाचा तेथे होईल. टेबलावरील कागद मात्र त्यासाठी थांबत नाही, आणि त्या कागदाच्या पलीकडे बहुधा आपलाच कोणी गोरगरीब माणूस उभा असतो.

वडिलांचे हे बोल आम्हास तोंडपाठ होते. तरीही जी चूक त्या गृहस्थांनी भाषेपुढे केली, तीच आम्ही यंत्रापुढे केली.

कपाटातील चिठ्ठी

संगणक आमच्या भागात प्रथम आला तो शेतकऱ्यांच्या तोंडून. पूर्वी शेताचा पहाणी उतारा हवा असला की पटवाऱ्याचा शोध घ्यावा लागे. त्याची सवड आणि त्याचा रुसवा दोन्ही सांभाळावे लागत. कर्नाटक शासनाने २००० सालच्या आसपास 'भूमी' योजनेखाली जमिनीची सुमारे दोन कोटी अभिलेखपत्रे संगणकावर चढवली आणि तालुक्याच्या ठिकाणी पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला. हाताने लिहिलेला उतारा ग्राह्य धरणे बंद झाले. या योजनेतील एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती. फेरफाराची नोंद करणाऱ्या सेवकास संगणकापुढे आपल्या बोटाचा ठसा द्यावा लागे. म्हणजे कोणी केले हे यंत्रालाच ठाऊक. गवानाच्या शत्रूंनी जी युक्ती केली, ती तेथे चालू नये अशी ही तजवीज होती.

शाळांकडे यंत्र आले ते मात्र बोटाच्या ठशाऐवजी परवलीचा शब्द घेऊन. २००२ साली ईशान्य कर्नाटकातील सात जिल्ह्यांत मध्यान्ह भोजनाची 'अक्षर दासोह' योजना सुरू झाली, तेव्हा जेवणाऱ्या मुलांची संख्या आम्ही वहीत लिहीत असू. हळूहळू वह्या मिटत गेल्या. शिक्षकांचे पगार संगणकावर गेले, शाळेची वार्षिक माहिती गेली, प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 'सॅट्स' नावाच्या राज्यस्तरीय व्यवस्थेत गेली, शिष्यवृत्तीचे अर्जही गेले. या प्रत्येकाच्या दारावर एकेक परवलीचा शब्द होता.

आमची शाळा जनवाड्याबाहेर, एका आडगावी आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे आम्ही मुख्याध्यापक झालो. हे सारे शब्द आम्ही एका चिठ्ठीवर सुरेख अक्षरात लिहिले आणि चिठ्ठी कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवली. तिचीच एक नक्कल बाजारगावातील संगणकाच्या दुकानात बसणाऱ्या तरुणाकडे दिली. महिन्याकाठी दोनशे रुपये आम्ही पदरचे देत असू. तो सगळे भरून टाकी आणि छापील प्रती सहीसाठी पाठवी. तरुण प्रामाणिक होता, कामसू होता. आसपासचे अनेक मुख्याध्यापक असेच करीत. आम्ही एम्. ए. मराठी, वर्गात कविता शिकवण्यात रमणारे. कळफलक बडवणे हे आपले काम नव्हे, असा एक सूक्ष्म अहंकारही त्यात होता, तो कबूल केला पाहिजे.

२०१९ च्या पावसाळ्यात एक बाई शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या. शेतमजुरी करणाऱ्या, नवरा वारलेला. त्यांची मुलगी आमच्याकडे पाचवीत होती. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची तिची रक्कम दोन वर्षे आली नव्हती. बँकेतून शाळेकडे, शाळेतून कार्यालयाकडे, कार्यालयातून पुन्हा बँकेकडे अशा चार खेपा त्यांनी केल्या होत्या, आणि प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडाली होती. आम्ही कागद काढले. मुलीच्या नावाचे पहिले अक्षर 'ज्ञ'. आधार-पत्रावर ते नाव रोमन लिपीत मराठी उच्चाराप्रमाणे, म्हणजे 'डी-एन-वाय' अशा अक्षरांनी सुरू होत होते. दुकानातील तरुण कन्नड भाषक. कन्नडमध्ये 'ज्ञ'चा उच्चार 'ग्न'कडे झुकतो. त्याने आपल्या कानाला जसे लागले तसे 'जी-एन' अशा अक्षरांनी नाव भरले. दोन नावे जुळली नाहीत आणि पैसे अडकले.

त्या तरुणास दोष देता येत नव्हता. 'ज्ञ' हे अक्षर मराठीत कसे उच्चारतात आणि शेजारच्या भाषेत कसे, हे त्या शाळेत कोणास ठाऊक असावयाचे तर ते आम्हालाच. ते आम्ही वर्गात शिकवीतही होतो. तो कागद छापून आमच्यासमोर आला होता आणि न वाचता आम्ही त्यावर सही केली होती. आम्ही बाईंना समजावू लागलो की हे दुकानात भरले जाते, तेथे चूक झाली असावी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु खालची सही त्यांनी ओळखली. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर तीच असे. त्या म्हणाल्या, "पर सर, सही तर तुमचीच हाय की."

मदरशाच्या सावलीत पंचवीस वेळा सांगितलेली गोष्ट त्या क्षणी आमच्या अंगावर आली. फरक एवढाच की गवानाची मुद्रा कपटाने उठवून घेतली होती. आमची आम्ही आपण होऊन देऊन टाकली होती. आणखी एक फरक होता, आणि तो अधिक बोचणारा. गवानाने किंमत स्वतःच्या मस्तकाने दिली. आमच्या चुकीची किंमत आमच्या पगारातून गेली नाही. ती एका मजूर बाईच्या चार दिवसांच्या रोजातून आणि एका मुलीच्या दोन वर्षांच्या हक्कातून गेली. सरकारी नोकरीचे हेच वैशिष्ट्य आहे. चूक टेबलाच्या अलीकडे होते आणि दंड टेबलाच्या पलीकडचा भरतो.

नावाची दुरुस्ती झाली. अर्ज, दाखले आणि वरिष्ठांची मंजुरी यांत सात महिने गेले. पुढील वर्षांची रक्कम सुरळीत आली. गेलेल्या दोन वर्षांची मुदत टळली होती, ती गेलीच. तेवढे पैसे आम्ही खिशातून देऊ केले. बाईंनी हात मागे घेतला. "तुमचं नगं सर. तिचं तिला पायजे होतं," एवढेच त्या म्हणाल्या.

बोटांना आलेली अक्षरे

कपाटातील चिठ्ठी आम्ही त्याच दिवशी फाडली. परंतु चिठ्ठी फाडल्याने विद्या येत नाही. शाळेत एक तरुण शिक्षिका होत्या, आमच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांना विनंती केली, "बाई, शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्हाला शिकवाल का?" त्या संकोचल्या, मुख्याध्यापकाला धडा द्यायचा कसा? पहिल्या दिवशी आम्ही एका बोटाने अक्षर शोधीत बसलो, तेव्हा न राहवून त्या म्हणाल्या, "सर, कळांकडे बघू नका. वर्णमाला तुम्हाला येते ना? मग बोटांना सांगा." पुढच्या वर्षी करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सरावास वेळच वेळ मिळाला.

येथे एक गोष्ट वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबास ती उपयोगी आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची एक कळरचना प्रमाण मानली गेली आहे. तिची मांडणी आपल्या वर्णमालेच्या शास्त्रावर केलेली आहे: स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. मधल्या ओळीत उजव्या हाताची बोटे टेकवली की तर्जनीखाली 'र', मधल्या बोटाखाली 'क', अनामिकेखाली 'त' आणि करंगळीखाली 'च' येतो. गंमत पुढेच आहे. संगणकावर भाषा बदलून कन्नड करा. त्याच बोटाखाली कन्नडचा 'क' उमटतो. तेलुगू करा, गुजराती करा, बंगाली करा. बोट तेच, अक्षर त्या त्या लिपीचे. एकदा मराठीसाठी बोटे बसली की शेजारच्या भाषेचे टंकलेखन जवळजवळ फुकट पदरात पडते. कन्नडमध्ये ऱ्हस्व व दीर्घ असे दोन 'ए' आणि दोन 'ओ' आहेत. तेवढेच नवे लक्षात ठेवावे लागले. आमच्या आजोबांना तीन लिप्यांसाठी तीन वळणे हाताला लावावी लागली होती; आम्हास एकाच वळणात दोन मिळाल्या.

दुसरी अडचण टंकांची. कर्नाटकात 'नुडी' ही प्रणाली कचेऱ्यांतून रुळलेली आहे. तिच्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर ते टंक नसलेल्या यंत्रावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. मराठीतील जुन्या टंकांचेही असेच होते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत लिहिलेला मजकूर मात्र कोणत्याही यंत्रावर, भ्रमणध्वनीवरही, जसाच्या तसा दिसतो. आपण पाठवलेले पत्र समोरच्यास वाचता आले की नाही, हे पाहणे हाही पत्रलेखनाचाच भाग आहे.

एका शब्दाने काय होते

यंत्र हाती आले तरी शब्द आपलेच लागतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक फजिती सांगतो. पाठ्यपुस्तके कमी पडतील असे दिसत होते. आम्ही वरिष्ठांना कन्नडमध्ये पत्र लिहिले आणि मराठी वळणाने 'आमचे अनुमान आहे' असा प्रयोग केला. दोनच दिवसांत बोलावणे आले. साहेबांचा चेहरा गंभीर. त्यांनी विचारले, "यार मेले अनुमान, सर?" कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय! पुस्तकांच्या वाटपात कोणी हात मारीत आहे, असा आरोपच जणू आम्ही लेखी केला होता. आम्हास जो शब्द हवा होता तो कन्नडमध्ये 'अंदाजु' असा आहे. म्हणजे पंडिती शब्द टाळून घरातला 'अंदाज' लिहिला असता, तर नेमके बरोबर ठरले असते. तसाच 'अवकाश': मराठीत त्याचा अर्थ सवड, कन्नडमध्ये संधी. 'अभ्यास' मराठीत अध्ययन, कन्नडमध्ये सराव अथवा सवय. शेजारणीचा चेहरा बहिणीसारखा असला म्हणून ती बहीण नव्हे. विचारपूस केल्याखेरीज घरात घेऊ नये.

याच्या उलट दिलासा देणारी बाजूही आहे. कर्नाटकातील सरकारी पत्राच्या माथ्यावर 'विषय', 'उल्लेख', 'दिनांक' हेच शब्द असतात. अधिसूचना, टिप्पणी, आदेश हेही ओळखीचे. परिपत्रकास 'सुत्तोले' आणि धारिकेस 'कडत' म्हणतात, एवढे शिकून घ्यावे लागते. मराठी मुलास ही भाषा डोंगर वाटण्याचे कारण नाही.

समर्थांनी दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे, आणि शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारातील शब्दांसाठी राजव्यवहारकोश करवून घेतला. लेखन हे कारभाराचे अंग आहे, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. आमच्या अनुभवातून सरकारी पत्राविषयी चार गोष्टी निश्चित झाल्या आहेत. एका पत्रात एकच विषय असावा. दोन विषय घातले की पत्र दोन टेबलांच्या मध्ये अडकते. काय हवे ते पहिल्या परिच्छेदात यावे, कारणे मागाहून. मागील पत्राचा क्रमांक व दिनांक 'उल्लेख' या सदरात न चुकता द्यावा, कारण कचेरीची स्मरणशक्ती त्या क्रमांकातच असते. आणि पाठवण्यापूर्वी पत्र एकदा मोठ्याने वाचावे. चूक डोळ्यास दिसत नाही ती कानास खटकते.

हल्ली बरेचसे आदेश भ्रमणध्वनीवरील गटात येतात, कधी रात्री दहा वाजता. त्यातील सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु वाहत्या पाण्यावर लिहिलेले दुसऱ्या दिवशी सापडत नाही. महत्त्वाचा आदेश आला की आम्ही त्याची आवक-नोंद करतो आणि तोंडी सूचना असेल तर 'आपण दिलेल्या सूचनेनुसार' असे दोन ओळींचे पत्र उलट पाठवतो. मुलांची नावे, छायाचित्रे, बँकेची माहिती गटात टाकावयाची नाही, हा नियम आम्ही स्वतःपुरता केला आणि तो हळूहळू इतरांनीही उचलला.

वाढ कशाने होते

आपल्या घरांतून मुलांना 'सरकारी नोकरी लाग' असे सांगितले जाते. लागल्यावर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. आमच्या भागापुरते पाहिले तर दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ३७१ (जे) हे कलम आले आणि त्यानुसार २०१३ साली निघालेल्या आदेशाने हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे २०१९ पासून ज्याला कल्याण कर्नाटक म्हणतात त्या भागातील, स्थानिकांसाठी प्रादेशिक पदांत राखीव जागा ठेवण्यात आल्या: गट 'अ'च्या कनिष्ठ श्रेणीत व गट 'ब'मध्ये ७५ टक्के, गट 'क'मध्ये ८० टक्के, गट 'ड'मध्ये ८५ टक्के. त्याचा लाभ येथील मराठी मुलांनाही आहे, कारण येथे कसोटी रहिवासाची आहे, मातृभाषेची नव्हे.

परंतु आत शिरणे निराळे आणि वर चढणे निराळे. भाषेच्या परीक्षेचा उल्लेख वर आलाच आहे. २०१२ साली कर्नाटकाने शासकीय सेवकांसाठी संगणक-साक्षरता परीक्षेचेही नियम केले आणि बढतीशी तिचा संबंध जोडला. मुदत एकाहून अधिक वेळा वाढवून मिळाली, आणि त्या वाढीनेच अनेकांचे नुकसान केले. 'अजून वेळ आहे' म्हणता म्हणता कनिष्ठ माणसे पुढे गेली. तरुणांना आमचे सांगणे असे, की या दोन्ही परीक्षा परिवीक्षेच्या काळातच उरकाव्यात, कारण तेव्हा अभ्यासाची सवय मोडलेली नसते. आपले सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः वाचावे. जन्मतारीख, नावाचे वळण आणि उत्तीर्ण परीक्षांची नोंद तपासावी. निवृत्तीच्या दारात सापडलेली चूक फार महाग पडते.

शिकण्याची साधने आता घरबसल्या आहेत. शिक्षकांसाठी 'दीक्षा' हे संकेतस्थळ २०१७ साली सुरू झाले. २०२० च्या सप्टेंबरात केंद्र शासनाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले आणि त्याखाली सेवकांसाठी पाठ्यक्रम उपलब्ध झाले. यातही जुनाच धोका नव्या रूपात आहे. पाठ चालू ठेवून चहाला जायचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, असे करणारे आम्ही पाहिले आहेत. ती प्रमाणपत्रे म्हणजे कोऱ्या कागदावरील मुद्राच. तसाच तो एकवार वापरायचा संकेतांक, ज्याला सारे ओटीपी म्हणतात. 'साहेब, आलेला आकडा सांगा' असे कोणी म्हटले आणि आपण सांगितला, की आपली मुद्रा आपण त्याच्या हाती दिली. त्यानंतर जे उमटेल ते आपले.

परप्रांतातील मराठी माणसाने असे शिकून मोठे व्हावे, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातील. जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना नेमले गेले. तेथून ते त्रावणकोरचे दिवाण झाले, पुढे इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे. तमिळ मुलखात वाढलेला हा मराठी माणूस मल्याळी, माळवी आणि गुजराती प्रजेचा कारभार क्रमाने पाहता झाला. तरुण सयाजीराव गायकवाडांना राज्यकारभारावर व्याख्याने देणारेही तेच. शिक्षकाच्या खुर्चीतून दिवाणाच्या गादीपर्यंतचा हा प्रवास बडोदे, इंदूर, तंजावर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांस परका वाटू नये.

कोणी विचारील, इतकी परभाषा आणि इतके यंत्र घरात आल्यावर मराठीचे काय? आमचा अनुभव उलट आहे. कन्नड नीट येऊ लागल्यावरच आम्हास मराठीचे वेगळेपण कळले. त्या 'ज्ञ'नेच तर ते शिकवले. आमच्या वडिलांनी कंदिलाखाली 'प्रजावाणी' वाचली, म्हणून पहाटेची पोथी थांबली नाही.

गेल्या वर्षी ती मुलगी जनवाड्यास आमच्या घरी आली. दहावी होऊन ती आता बीदरला पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षात आहे. वसतिगृहासाठी अर्ज करावयाचा होता. जुन्या सवयीने आम्ही कागद पुढे ओढला. ती म्हणाली, "सर, अर्ज मी लिहिलाय. तुम्ही नुसता वाचून बघा." अर्ज कन्नडमध्ये होता, युनिकोडात टंकलेला, विषय एक, मागणी पहिल्या परिच्छेदात. तिने आपले नाव तीन लिप्यांत लिहिले होते आणि रोमन लिपीतील 'डी-एन-वाय' ही अक्षरे आधार-पत्राशी ताडून खाली बारीक रेघ ओढली होती.

आम्ही अर्ज दोनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. तिच्या आईस शेजारच्या खोलीत आमच्या मंडळींनी चहा दिला होता, त्या तेथूनच म्हणाल्या, "सर, समदं वाचलं नव्हं?" आम्ही म्हटले, "होय, सगळे वाचले." मग सही करण्यासाठी पेन मुलीच्या हाती दिले.